तारीख उजाडण्याआधीच मोडलेला करार

मागच्या व्याख्यानात आपण वचन माणसाला का बांधतं, ते पाहिलं. आज त्यातलाच एक पेच घेऊ. जे काम १ जूनला करायचं आहे, त्याचा करार ११ मे रोजी मोडता येतो का? जून तर उजाडलेलाच नाही! मग मोडलं काय?

हा प्रश्न १८५३ साली इंग्लंडच्या क्वीन्स बेंच न्यायालयापुढे आला. डे ला टूर यांनी होक्स्टरला युरोपच्या प्रवासात सोबत नेण्यासाठी नोकरीवर ठेवलं होतं. काम १ जून १८५२ पासून. ११ मे रोजी त्यांनी कळवलं, 'तुमची गरज नाही.' होक्स्टरनं २२ मे रोजीच दावा लावला, आणि तो जिंकला. न्यायालयाचं म्हणणं असं, की करार होताच दोघांत एक नातं तयार होतं. समोरच्यानं साफ नकार दिल्यावरही याला जूनपर्यंत हात बांधून बसवणं शहाणपणाचं नाही. त्यानं दुसरं काम शोधावं. म्हणजे बघा, तारखेला काम मिळणं हा वचनाचा एक भाग झाला. तोवर निर्धास्त राहता येणं, हा दुसरा.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३९ आणि १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६० हेच तत्त्व मानतात. विक्रीच्या करारात मुदतीआधी नकार आला, तर दोन वाटा: करार संपला असं धरून भरपाई मागा, किंवा तो जिवंत ठेवून तारखेची वाट पाहा. पण वाट पाहण्यात जोखीम आहे, बरं का! १८५५ च्या एव्हरी विरुद्ध बाउडन खटल्यात जहाज ओडेसाला मालासाठी थांबून राहिलं. मुदत संपण्याआधीच क्रिमियाचं युद्ध पेटलं, माल भरणंच बेकायदा ठरलं, आणि भरपाईही गेली.

आता आंतरराष्ट्रीय विक्री. संयुक्त राष्ट्रांचा १९८० चा व्हिएन्ना करार इथे दोन पायऱ्या करतो. समोरच्याची पत घसरली, तयारी दिसत नाही, कराराचा मोठा भाग पुरा होणार नाही असं दिसू लागलं, तर कलम ७१: आपलं काम थांबवा, पण लगेच कळवा, पुरेशी हमी मिळाली की पुन्हा सुरू करा. मूलभूत भंग होणार हे स्पष्टच असेल, तर कलम ७२: करार रद्द करा. वेळ असेल तर आधी नोटीस द्या. त्यानं स्वतःच नकार जाहीर केला असेल, तर नोटिशीची गरज नाही. हमी मागण्याची अशी पायरी आपल्या कलम ३९ मध्ये लिहिलेली नाही.

भारत या करारात सामील नाही. तरी नाशिकच्या द्राक्ष निर्यातदारानं सौद्याला नेदरलँड्सचा कायदा मान्य केला, तर हीच कलमं त्याला लागू होऊ शकतात.

शेवटी एक ध्यानात ठेवू. नुसत्या संशयावर करार रद्द केला आणि संशय खोटा निघाला, तर करार मोडणारे आपणच ठरतो. म्हणून आधी विचारावं, मग तोडावं.