सात संध्याकाळी आणि एक पहारा

गेल्या हिवाळ्यात लेक सुट्टीला घरी आली तेव्हा तिच्या बॅगेत कॉलेजच्या ग्रंथालयातली एक डीव्हीडी होती. सिनेमाच्या वर्गासाठी तिला निबंध लिहायचा होता. "आई, तू पण बघ. पण मध्ये मध्ये बोलू नकोस," अशी तंबी देऊन तिने ती लावली. बाबेत मांगोल्त या दिग्दर्शिकेचा २००७ चा चित्रपट, 'सेव्हन ईझी पीसेस बाय मरिना अब्रामोविच'. नावातल्या 'ईझी'वर जाऊ नका.

भारतातून पाहुणे आले की फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या ज्या गोल गोल पांढऱ्या इमारतीसमोर आपण त्यांचे फोटो काढतो आणि तिकिटाचा आकडा बघून बहुधा बाहेरूनच परततो, त्या गुगनहाइम संग्रहालयात हे सगळं घडलं. नोव्हेंबर २००५, सलग सात संध्याकाळी, रोज पाच ते मध्यरात्र. मधल्या गोल चौकात एक वर्तुळाकार मंच आणि त्यावर अब्रामोविच. बघणारे खाली उभे किंवा वर चढत जाणाऱ्या वळणदार उतारावर, कठड्याला रेलून.

परफॉर्मन्स आर्ट म्हणजे कलाकाराने स्वतःचं शरीर आणि वेळ हेच साहित्य मानून लोकांसमोर केलेली कृती. साठ-सत्तरच्या दशकांत असे प्रयोग पुष्कळ झाले. मागे उरल्या त्या थोड्याफार छायाचित्रं आणि ऐकीव गोष्टी. जाहिरातवाले आणि फॅशनवाले त्यांच्या कल्पना खुशाल उचलू लागले, मूळ कलाकाराचं नावही न घेता. अब्रामोविचला याचा राग होता. म्हणून तिने ठरवलं, की संगीतातली जुनी चीज गातात तसे हे प्रयोग पुन्हा करायचे, पण रीतसर परवानगी घेऊन. ख्रिस बर्डन यांनी नकार दिला, तर त्यांचा प्रयोग वगळला. शेवटी पाच प्रयोग इतरांचे, एक तिचा स्वतःचा १९७५ चा आणि सातव्या दिवशी एक नवा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या संध्याकाळचं वर्णन मी दिवाळी अंकात करणार नाही. उत्सुक वाचकांनी स्वतःच्या जबाबदारीवर शोधावं. चौथ्या दिवशीचा प्रयोग जीना पान या फ्रेंच कलावतीचा, १९७३ चा. लोखंडी खाट, खाली पेटलेल्या मेणबत्त्या आणि वर उताणी पडलेली बाई. पान यांनी हे साधारण अर्धा तास केलं होतं. अब्रामोविचने सात तास केलं. मेणबत्त्या संपत आल्या की उठायचं, नव्या लावायच्या, पुन्हा आडवं व्हायचं. पाचव्या दिवशी योसेफ बॉइस यांचा १९६५ चा प्रयोग. चेहऱ्यावर मध आणि सोन्याचा वर्ख लावून, मेलेला ससा कुशीत घेऊन त्याला चित्रं समजावून सांगायची. लिहिताना हास्यास्पद वाटतं. बघताना मला हसू आलं नाही.

याचं श्रेय मी मांगोल्तबाईंना देते. मूळच्या फ्रेंच, १९७० मध्ये न्यूयॉर्कला आल्या. ट्रिशा ब्राउन, इव्हॉन रेनर यांच्या नृत्यप्रयोगांची सत्तरच्या दशकातली छायाचित्रं त्यांनी काढलेली. शॉन्ताल आकरमानचा 'जान दीलमान' हा १९७५ चा चित्रपटही त्यांनीच चित्रित केला. एक बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलते आणि कॅमेरा जागचा हलत नाही, तो. अशा बाईला सात संध्याकाळी मिळून एकोणपन्नास तास मिळाले. तिने दीडएक तास ठेवला. ना निवेदन, ना मुलाखत, ना समीक्षकांची मतं. कॅमेरा शरीराजवळ थांबतो, ताणलेल्या स्नायूंवर, श्वासावर. तुम्ही सात तास बसलेले नसता, तरी तिथे वेळ किती जड झाला असेल ते कळतं.

मी कबूल केल्याप्रमाणे गप्प होते. पण डोळ्यांसमोर आमच्या गावचं विठ्ठलमंदिर आलं होतं.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले. एकाने गळ्यातून उतरवायची, दुसऱ्याने घालायची, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. माझ्या आजोबांचा, आबांचा, पहारा रात्री दोन ते चारचा. तो कोणालाच नको असायचा, म्हणून ते मागून घ्यायचे. मी लहानपणी एकदा हट्टाने त्यांच्याबरोबर गेले होते. समई, चार झोपाळू टाळकरी आणि मधे उभे आबा. त्या वेळी देवळात बघायला कोणीही नव्हतं. अब्रामोविचसाठी बघणारा असल्याशिवाय प्रयोगच पुरा होत नाही. आबांना त्याची गरज नव्हती. हा फरक लेकीला सांगितला, तर ती म्हणाली, "पण तू होतीस ना बघायला?"

१९९६ च्या सप्ताहाला चुलतभावाने हौसेने व्हिडिओ शूटिंगवाला बोलावला होता. पुढच्याच वर्षी आबा गेले. ती कॅसेट मी इथे आणली, नंतर पैसे मोजून डिजिटल करून घेतली. तीन तासांत काय आहे? प्रमुख पाहुण्यांचं आगमन, शाल-श्रीफळ, सत्कारांची रांग, काल्याच्या दिवशीची पंगत, मधेच चौकटीत फुलणारी गुलाबाची फुलं. वीणेसमोर कॅमेरा थांबलाच नाही. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष, त्याला 'सगळे यायला पाहिजेत' असंच सांगितलेलं. आबा दिसतात ते एकदाच, सत्काराच्या मागे, कडेला, अर्धे. मी कितीदा ते बघून चिडले आहे.

लेकीने निबंध पाठवला आणि म्हणाली, "आबांचं दाखव." मी जागा सांगितली. तिने तिथे थांबवून एकेक चौकट पुढे सरकवायला सुरुवात केली, वर्गात शिकवतात तशी. शाल मधे येते, नारळ मधे येतो, कोणाचा तरी खांदा. तेवढ्यात ती म्हणाली, "आई, खाली बघ. पाय."

सतरंजीच्या कडेला आबांची अनवाणी पावलं होती. उजव्या पायावरचा भार ते हळूच डाव्यावर घेत होते.