रियासतकार सरदेसाई : शिक्षक आणि गृहस्थ

थोर ग्रंथकारांच्या चरित्रांत त्यांच्या घराचें वर्णन बहुधा दोन ओळींत आटोपतें. विवाह अमुक सालीं झाला, अपत्यें इतकीं झालीं, आणि पुढचीं सर्व पानें ग्रंथांचीं. परंतु मराठ्यांचा समग्र इतिहास ज्यांनीं मराठी वाचकाच्या हातीं दिला, त्या गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं आत्मचरित्र लिहिलें तेव्हां त्यास 'माझी संसारयात्रा' असें नांव दिलें. हें पुस्तक १९५६ सालीं, त्यांनीं नव्वदी ओलांडल्यावर, प्रसिद्ध झालें. आयुष्यभर राज्यांच्या उदयास्ताचा हिशेब मांडणाऱ्या पुरुषास स्वतःच्या आयुष्याचें सार अखेरीस 'संसार' या शब्दांत दिसावें, ही गोष्ट आमच्या मतें विचार करण्याजोगी आहे.

रियासतकार मूळचे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतले. १७ मे १८६५ रोजीं गोविल या लहानशा खेड्यांत, मध्यम स्थितींतील एका कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. कोंकणांतील मुलानें शिकावयाचें म्हणजे घर सोडावयाचें, हा त्या काळचा नियमच होता. रत्नागिरीच्या हायस्कुलांतील शिक्षण १८८४ सालीं पुरें झालें, तेव्हां त्यांचें वय एकोणीस वर्षांचें होतें. पुढें पुण्यास नुकत्याच निघालेल्या फर्ग्युसन कॉलेजांत आणि नंतर मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून १८८८ सालीं ते बी. ए. झाले. रत्नागिरीस आगगाडी आली ती १९९८ च्या सुमारास. सरदेसायांच्या काळीं येथल्या विद्यार्थ्यानें एक तर बोटीनें मुंबई गांठावी, नाहीं तर घाट चढून देशावर जावें. मुलगा एकदां बाहेर पडला कीं त्याचें घरीं येणें पत्रांतूनच अधिक होई. पत्रांचें हें मोल सरदेसायांना पुढें किती जड जावयाचें होतें, हें तेव्हां कोणास ठाऊक होतें?

१८८९ सालीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या पदरीं त्यांना नोकरी मिळाली. महाराजांस ग्रंथ वाचून दाखविणें, त्यांचीं टिपणें करणें आणि राजपुत्रांस शिकविणें, अशीं कामें त्यांच्याकडे आलीं. राजपुत्रांना इतिहास शिकवावयाचा, तर त्यांच्या हातीं देण्याजोगें चांगलें मराठी पुस्तक कोठें होतें? मराठ्यांचा इतिहास म्हटला कीं ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याचा ग्रंथ पुढें येई. आणि आपल्या पूर्वजांची हकीकत परक्याच्या दृष्टीनेंच मुलांनीं वाचावी, हें कोणा शिक्षकास रुचेल? म्हणून सरदेसायांनीं पाठांसाठीं स्वतः टिपणें काढण्यास आरंभ केला. त्या टिपणांतून १८९८ सालीं 'मुसलमानी रियासत' बाहेर पडली, १९०२ पासून 'मराठी रियासत' निघूं लागली, आणि कांहीं वर्षांनीं 'ब्रिटिश रियासत'ही झाली. मराठी वाचकांनीं त्यांना 'रियासतकार' हें नांव दिलें तें यावरूनच. हा सगळा पसारा एका शिकवणीच्या वहींतून वाढला, हें विसरतां कामा नये.

शिक्षकाचा हात रियासतींत जागोजाग दिसतो. आधीं काय घडलें, तें कां घडलें, त्यांतून पुढें काय निघालें, हा क्रम ते सहसा सोडीत नाहींत. पुण्यांतील कांहीं संशोधकांनीं त्यांस संशोधक न मानतां नुसते संकलनकार ठरविलें. या आक्षेपांत कांहींच तथ्य नव्हतें असें म्हणणें हा अन्याय होईल. पहिल्या आवृत्त्यांतील कित्येक विधानें नवीन कागद उजेडांत आल्यावर टिकलीं नाहींत. परंतु सरदेसायांनीं स्वतःच तीं सुधारून नव्या आवृत्त्या काढल्या. विद्यार्थ्यापुढें आपली चूक कबूल करण्यास जो शिक्षक लाजत नाहीं, त्याच्यावरच विद्यार्थ्याचा विश्वास बसतो. वाचकांचेंही तसेंच आहे.

आतां त्यांच्या घराकडे वळूं. त्यांचा मुलगा श्यामकांत बुद्धिमान व मनमोकळा होता. त्यास त्यांनीं दूर बंगाल्यांत, रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनांत शिकावयास पाठविलें. मुलगा नजरेआड करून इतक्या लांब धाडण्यास त्या काळीं केवढें धैर्य लागलें असेल, हें ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांना सांगावयास नको. पुढें उच्च शिक्षणासाठीं श्यामकांत जर्मनीस गेला. आणि ऐन तारुण्यांत, आईबापांपासून हजारों कोसांवर त्याचा अंत झाला. मागें उरलीं तीं त्याचीं पत्रें.

सरदेसायांनीं तीं पत्रें 'श्यामकांताचीं पत्रें' या नांवानें छापून प्रसिद्ध केलीं. दुसरा एखादा बाप तीं पेटींत कुलूप लावून ठेवता, आणि त्यास कोणी बोलही लाविला नसता. परंतु जो मनुष्य शेकडों वर्षांपूर्वींच्या अनोळखी माणसांचीं पत्रें जपून वाचीत आला, त्यास पत्राची किंमत माहीत होती. लिहिणारा जातो, पण त्याचा बोलण्याचा सूर कागदावर राहतो. पोटच्या मुलाचीं पत्रें क्रमानें लावतांना त्या हातांना काय वाटलें असेल, हें लिहिण्याचें सामर्थ्य आमच्या लेखणींत नाहीं. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नांव एकट्या बापाचें असलें, तरी त्या दुःखाचा अर्धा वाटा त्या घरांतील माउलीनें मुकाट्यानें उचलला होता, एवढेंच म्हणतों.

छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर १९२५ सालीं सरदेसाई निवृत्त झाले आणि पुणें-मुंबई लोहमार्गावरील कामशेत येथें इंद्रायणीच्या परिसरांत राहिले. साठीचा मनुष्य, त्यांत असा घाव बसलेला. त्यानें आतां हरिनाम घेत बसावें, असेंच कोणीही म्हटलें असतें. पण त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें काम पुढेंच होतें. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल बांधलेले पडून होते. सरकारनें त्यांतून निवड करण्याचें काम त्यांच्यावर सोंपविलें, आणि थोड्याच वर्षांत, १९३४ पर्यंत, त्यांनीं निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. या कामीं त्यांस मोठा आधार होता तो बंगालचे इतिहासकार सर जदुनाथ सरकार यांचा. १९०४ च्या सुमारास पत्रानें सुरू झालेला हा स्नेह पन्नासांहून अधिक वर्षें टिकला. एक बंगाली, एक कोंकणी. एकाचें लक्ष मोंगलांकडे, दुसऱ्याचें मराठ्यांकडे. तरी दोघे एकमेकांचीं हस्तलिखितें तपाशीत, आणि मतभेद झाला तर तो पत्रांतच मिटवीत.

ऐंशीच्या घरांत असतां, १९४६ ते १९४८ या काळांत, सरदेसायांनीं मराठ्यांचा नवा इतिहास तीन खंडांत इंग्रजींत प्रसिद्ध केला. १९५७ सालीं सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें. १९५८ सालीं जदुनाथ गेले आणि २९ नोव्हेंबर १९५९ रोजीं, चौऱ्याण्णव वर्षांचें आयुष्य पुरें करून, सरदेसाईही गेले.

या चरित्रापासून आपण काय घ्यावें? पंचेचाळीस खंड सिद्ध करणें आपल्या आवांक्याबाहेरचें आहे. परंतु कोंकणांतल्या किती तरी जुन्या घरांत माळ्यावर एखादें गाठोडें असतें. त्यांत खोतीचे कागद, वाटणीपत्रें, आजोबांनीं मुंबईहून धाडलेलीं कार्डें असतात. दर पावसाळ्यांत त्यांना बुरशी येते, वाळवी लागते, आणि घर रंगवावयाचें झालें कीं कोणी तरी 'हा कचरा' म्हणून तें गाठोडें बंबांत घालतो. मोडी शाळांतून केव्हांच गेली. ती वाचणारीं माणसें दिवसेंदिवस विरळ होत आहेत. आज कागदाचें छायाचित्र घेणें क्षणाचें काम आहे; पण त्यांतील 'चिरंजीव बाळ' म्हणजे कोण, हें सांगणारी आजी गेली कीं तें छायाचित्रही मुकें होतें.

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, येत्या सुटींत घरांतील वडील माणसाजवळ नातवंडांना बसवावें आणि तें गाठोडें सोडावें. पत्रावर नांव, नातें व साल पेन्सिलीनें लिहून ठेवावें, आणि कोरड्या फडक्यांत तें पुनः नीट बांधावें. एका राजवाड्यांतील मुलांच्या पाठापासून मराठ्यांचा इतिहास उभा राहिला. आपल्या घरचा पाठ ओटीवर झाला, तरी तो घेणारीं मुलें आपल्या घरीं आहेतच.