वाहत्या पाण्यातली काळी माशी

बदलापूरजवळच्या कोंडेश्वराहून किंवा बारवीच्या रानातून परतल्यावर पोटरीवर रक्ताचा बारीक ठिपका, भोवती लाल फुगवटा आणि न थांबणारी खाज दिसली, तर लगेच डासाला दोष देऊ नका. डास सुईसारखी सोंड खुपसून रक्त ओढतो, मागे सहसा ठिपका उरत नाही. काळी माशी मात्र करवतीसारख्या जबड्याने कातडी कापते आणि जखमेत साचलेलं रक्त पिते. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही आणि जागा बधिर होते, त्यामुळे चावल्याचं बहुधा उशिरा कळतं.

शास्त्रीय भाषेत ही सिम्युलियम. लांबी जेमतेम १ ते ५ मिलिमीटर, पाठीला कुबड. विदर्भातले संत्रा बागायतदार 'काळी माशी' म्हणतात ती वेगळी. ती पानांतला रस शोषते. सिम्युलियमची मादीच तेवढी चावते, कारण अंडी पिकवायला तिला रक्त लागतं. ती दिवसा, उघड्यावर चावते. घरात सहसा शिरत नाही, म्हणून मच्छरदाणीचा इथे उपयोग नाही.

तिची खरी गोष्ट पाण्यात आहे. अळी ओढ्यातल्या दगडावर रेशमाची छोटी गादी विणते, शेपटाकडच्या आकड्यांनी तिला घट्ट धरते आणि डोक्यावरचे दोन पंखे उघडून प्रवाहातले अन्नकण गाळून खाते. साचलेल्या पाण्यात हा संसार चालत नाही. कोषातून निघालेली माशी हवेच्या बुडबुड्यात बसून वर येते आणि कोरड्या पंखांनी उडून जाते. इतकी देखणी सोय निसर्गात फार थोड्या ठिकाणी दिसते.

सह्याद्रीतले बहुतेक ओढे चैत्रापर्यंत आटतात, मग तिथे अळ्यांना थारा राहत नाही. उल्हास नदीचं मात्र वेगळं आहे. भिवपुरीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून सुटणारं पाणी तिला मिळतं, म्हणून उन्हाळ्यातही ती वाहती राहते. हे पाणी मुळात घाटमाथ्यावरच्या, भीमेच्या खोऱ्यातल्या आंध्रा नदीचं!

आणि वालधुनी? इ. स. १०६०च्या अंबरनाथ शिवमंदिराच्या पायथ्याशी वाहणारी ही नदी उल्हासनगरला पोहोचेपर्यंत सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायन पोटात घेते. प्राणवायू संपलेल्या अशा पाण्यात काळ्या माशीच्या बहुतेक जाती तग धरत नाहीत. तिथे क्युलेक्स डास वाढतो. म्हणजे वालधुनीकाठी काळी माशी चावत नसेल, तर त्यात समाधान मानण्यासारखं काही नाही. तिचं नसणं हीच नदीच्या आजारपणाची खूण आहे.

आफ्रिकेत याच माशीच्या काही जाती 'नदीअंधत्व' पसरवतात. १९७४ साली पश्चिम आफ्रिकेत त्याविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली. भारतात या माशीमुळे तो रोग पसरत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. त्रास आहे तो खाजेचा. मे महिन्यात हिमालयात जाणाऱ्या आपल्या मंडळींना तिथली 'पोटू' भेटते, तीही याच गोतातली.

उपाय साधे आहेत. फिकट रंगाचे, अंगभर कपडे घाला. गडद रंगांकडे ती ओढली जाते. पँटचे पाय मोज्यांत खोचा, कारण ती कपड्यांच्या कडेखालून आत शिरते. उघड्या त्वचेला डीट किंवा पिकारिडिन असलेलं मलम लावा. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी. सकाळी आणि दुपार कलल्यावर पाण्याच्या अगदी कडेला फार वेळ बसू नका. जोराचा वारा असेल तिथे ती टिकत नाही, म्हणून डबा उघड्या माळावर सोडा. चावलीच तर जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवा, खाजवू नका. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थेट डॉक्टर गाठा.

पावसाळा ओसरल्यावर ओढ्यावर गेलात, तर उथळ धारेतला एखादा दगड उचलून मुलांना दाखवा. अळ्या दिसल्या तर तो दगड त्याच जागी, होता तसाच परत ठेवा.