श्रेयनामावलीबाहेरचे वादक

विरार-बोळिंजच्या म्हाडा वसाहतीतल्या एखाद्या खोलीत बसून बासरीवादकाने परदेशी व्हिडिओ गेमसाठी चार ट्रॅक वाजवावेत आणि रात्रीतून पाठवावेत, यात आता तांत्रिक अडचण उरलेली नाही. बरा मायक्रोफोन, बंद केलेला पंखा आणि इंटरनेट एवढे पुरते. ताडदेवचा स्टुडिओ गाठायला विरार फास्टमध्ये शिरावे लागत नाही. उलट दिशेची देवाणघेवाणही झालेली आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये भारतीय पुराणकथांवर बेतलेला ‘राजी’ हा गेम आणला, त्याचे संगीत ग्रीसच्या लिनोस त्झेलोस यांचे. गेमच्या संगीतकाराचे नाव असे शोधले की सापडते. अडते ते एक पायरी खाली. पाठवलेल्या फाइलवर वाद्य लिहिलेले असते, ट्रॅकचा क्रमांक असतो, वादकाचे नाव बहुधा नसते. ही केवळ मानापमानाची बाब असती तर सोडून देता आली असती. पण आपल्या कॉपीराइट कायद्याने श्रेयनामावलीतले नाव आणि पुढचा पैसा एकमेकांना बांधून ठेवले आहेत. म्हणून गेम-संगीतातल्या मोबदल्याचा वाद टक्केवारीच्या आधी नावापासून सुरू व्हायला हवा.

मुंबईच्या चित्रपटसंगीताने हा धडा आधीच गिरवला आहे. गोव्याहून आलेल्या आणि ख्रिस्ती बँडच्या परंपरेत घडलेल्या वादकांनी, अरेंजरांनी या गाण्यांचा सांगाडा उभा केला. मजुरी मात्र त्या दिवसाच्या कामापुरती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे त्यांचे नाव देशभर झाले, आणि ते एका पात्राचे नाव म्हणून! त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ‘आयपीआरएस’ या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेच्या खटल्यात निकाल दिला, की निर्मात्याने मोबदला देऊन संगीत करवून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर त्या संगीताचा पहिला मालक निर्माताच. न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालाला पुस्ती जोडून गायकाला कायद्यात स्थान नसल्याची खंत नोंदवली. सादरकर्त्यांचे हक्क कायद्यात यायला १९९४ ची दुरुस्ती व्हावी लागली.

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना बळ दिले. चित्रपटगृहातले प्रदर्शन वगळता इतर वापरातल्या रॉयल्टीचा समान वाटा त्यांना करारानेही सोडून देता येत नाही. कलम ३८-अ ने व्यावसायिक वापरासाठी सादरकर्त्यालाही रॉयल्टीचा हक्क दिला. पण ‘सादरकर्ता’ कोण, हे सांगणाऱ्या व्याख्येला एक शेपूट आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे आणि उद्योगाच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे ज्याचे नाव कुठेच दिले जात नाही, तो सादरकर्ता धरला जात नाही. सादरीकरणाची मोडतोड झाली तर तक्रार करण्यापुरताच त्याला हक्क. म्हणजे ‘माझे नाव लावा’ असे म्हणण्याचा हक्कही त्याच्याकडे नाही, कारण त्याचे नाव लावण्याची रीत नाही. ज्या रीतीने अन्याय केला, तिलाच कायद्याने पुरावा मानले. कायद्यात व्हिडिओ गेमचे नाव नाही. संगणक प्रणाली म्हणून त्याला संरक्षण मिळते आणि हलत्या चित्रांमुळे चित्रपटाच्या व्याख्येतही ओढता येते. ओढला, तर हे शेपूटही त्याच्याबरोबर येणार.

निर्माते म्हणतील, बहुतेक गेम बुडतात, मग वाटा कशातून द्यायचा? रास्त आहे. परंतु कायद्याने चित्रपटगृह जसे वेगळे काढले, तसे खेळणे वेगळे काढता येईल: गेम खेळला जाताना जे वाजते ते एकरकमी मानधनात, अल्बम, जाहिरात, मैफल यांचा हिशेब वेगळा. हे पुढचे आयुष्य काल्पनिक नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात खेळाडूंचे संचलन ‘ड्रॅगन क्वेस्ट’, ‘फायनल फँटसी’ अशा गेमच्या संगीतावर झाले. दुसरा आक्षेप असा, की एवढ्या वादकांची नोंद कोण ठेवणार? कितीतरी मोठ्या गेमच्या श्रेयनामावलीत काम चालू असताना टीममधल्यांना झालेल्या बाळांची नावे असतात. बाळांची यादी जमते, तर सारंगीवाल्याचे नाव जड होऊ नये.

तिसरा आक्षेप मात्र खरा बोचरा आहे: अटी वाढल्या की काम दुसरीकडे जाते. अमेरिकेत तेच झाले. वादक संघटनेच्या गेम-कराराबाहेर ‘द बॅनर सागा’ या गेमचे संगीत ध्वनिमुद्रित केल्याबद्दल ऑस्टिन विंटरी या आपल्याच सदस्य संगीतकाराला संघटनेने दंड ठोठावला, आणि भांडण कंपनीशी राहण्याऐवजी संगीतकार आणि वादक यांच्यात लागले. बोळिंजच्या वादकाने जादा दर मागितला, तर ते काम उद्या आणखी स्वस्त ठिकाणी किंवा सॅम्पल लायब्ररीकडे जाऊ शकते. नाव लावायला मात्र कंपनीचा छदामही खर्च होत नाही, आणि ‘नेहमीची रीत’ बदलायला तेवढेच लागते. गायकांसाठी २०१३ मध्ये स्थापन झालेल्या ‘इस्रा’ या संस्थेच्या नावात आता वादकही आले आहेत. पण वसुली होण्यासाठी वाजवणारा कोण होता, हे आधी कागदावर असावे लागते. तेव्हा वादकांनो, शेवटची फाइल पाठवण्याआधी दोन ओळी लेखी घ्या: श्रेयनामावलीत माझे नाव येईल, आणि हे मानधन फक्त या गेमपुरते आहे.