कावेरीकाठची हिशेबरीत

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांत ओट्यावर भरणाऱ्या जुन्या तमिळ शाळांना ‘तिण्णै’ शाळा म्हणत. तेथील गणित म्हणजे निव्वळ घोकंपट्टी, असा ठपका एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांनी ठेवला आणि पुढे तोच रूढ झाला. वस्तुतः त्या पाठांतरात उदाहरण सोडविण्याची एक निश्चित रीत होती.

या शाळांतील ‘एण्चुवडी’ हा कोष्टकसंग्रह मराठी वाचकाला परका वाटू नये. आपल्या पावकी, निमकी, औटकीची भावंडेच त्यात भेटतात. अपूर्णांकांची उतरंड मात्र अधिक बारीक. एकाचा ३२० वा भाग तो मुंदिरि. चार मुंदिरींची एक काणि, चार काणींचा एक मा, पाच मांचा पाव. हाच ‘मा’ जमिनीचेही माप आहे. लांबी मोजावयाची ती कोल् म्हणजे काठीने. एक चौरस काठी ती कुळि, शंभर कुळींचा मा आणि वीस मांची वेलि.

समजा, शेत २५ काठ्या लांब व २४ काठ्या रुंद आहे. क्षेत्र ६०० कुळि, म्हणजे सहा मा. वेलीमागे २४० कलम् भात धरल्यास या शेताचे किती? येथे सहा मांची फोड ‘पाव आणि एक मा’ अशी करावयाची. पावाचे ६०, एका माचे १२. एकूण ७२ कलम्. लांबलचक भागाकाराचे कारणच उरत नाही. अपरिचित राशी परिचित भागांत फोडणे, हे या रीतीचे मर्म होय.

त्याआधीची पायरी म्हणजे प्रश्नाची जात ओळखणे. कारिनायनार यांच्या नावावरील ‘कणक्कदिकारम्’ या पद्यग्रंथात भूमी, सोने, भात, तांदूळ, दगड, काळ अशी वर्गवारी आढळते. अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास हा वर्तुळक्षेत्राचा अचूक नियम तेथे आहे. देठाजवळचे काटे मोजून, सहांनी गुणून, पाचांनी भागून फणसातील गरे सांगण्याचा नियमही आहे! पहिला सिद्ध होतो, दुसऱ्याची परीक्षा फणस फोडूनच घ्यावी लागते. पद्य दोन्हींना सारखाच मान देते, ही या परंपरेची उणीव मानावी लागेल.

डी. सेंथिल बाबू यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या विद्येची सामाजिक बाजू उलगडली आहे. मळणीनंतरच्या वाटणीत ज्याला कोष्टके येत नसत, त्याला गावच्या हिशेबनिसाचा आकडा मुकाट्याने स्वीकारावा लागे. आपल्याकडील कुलकर्ण्याशी तुलना सहज सुचते. तमिळनाडूत हे वंशपरंपरागत ग्रामपद १९८० साली रद्द झाले. सुमारे तेहतीस सेंटांचा ‘मा’ मात्र तंजावरच्या भातशेतीच्या बोलण्यात अजून ऐकू येतो.