फ्लूला हिवाळा लागत नाही

हंगामी इन्फ्लुएन्झा, म्हणजे बोलीतला फ्लू, हा श्वसनमार्गाचा विषाणूजन्य आजार आहे. माणसांमध्ये दरवर्षी त्याच्या साथी येतात त्या इन्फ्लुएन्झा 'ए' आणि 'बी' या दोन प्रकारच्या विषाणूंमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १०० कोटी लोकांना फ्लू होतो, ३० ते ५० लाख लोक गंभीर आजारी पडतात आणि २,९०,००० ते ६,५०,००० माणसे त्यातून उद्भवणाऱ्या श्वसनविकारांनी दगावतात. पडसे आणि फ्लू एकच, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. पडसे बहुधा ऱ्हायनोव्हायरससारख्या वेगळ्याच विषाणूंमुळे होते आणि नाकापुरते राहते. फ्लूमध्ये ताप एकाएकी चढतो, अंग मोडून येते आणि वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुले व दम्याचे किंवा मधुमेहाचे रुग्ण यांच्यात न्यूमोनियापर्यंत मजल जाऊ शकते. दोन्हींवर अँटिबायोटिक निरुपयोगी असते, कारण ते जिवाणूंवरचे औषध आहे. जिवाणूंचा न्यूमोनिया वर जडला, तरच त्याची गरज पडते.

फ्लू हा थंडीचा आजार आहे, ही समजूत तर पुस्तकांतूनही आढळते. ती पुस्तके थंड देशांत लिहिली गेली. युरोप आणि उत्तर अमेरिकेत साथ साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये भरात असते, तर ऑस्ट्रेलिया, चिली, दक्षिण आफ्रिकेत ती मे ते सप्टेंबरच्या दरम्यान, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात येते. उष्ण कटिबंधात हे वेळापत्रक मोडते. भारतात दिल्लीपासून पुण्यापर्यंत मोठी लाट पावसाळ्यात, मुख्यतः जुलै ते सप्टेंबरमध्ये येते आणि अनेक वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये आणखी एक लाट दिसते. चेन्नईकडे परतीच्या पावसाबरोबर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास रुग्ण वाढतात. श्रीनगरमध्ये मात्र साथ खऱ्याखुऱ्या हिवाळ्यात असते. म्हणजे एकाच देशात फ्लूची निदान तीन पंचांगे चालतात.

थंड आणि कोरड्या हवेत हा विषाणू सहज पसरतो, हे २००७ साली गिनीपिगवरच्या प्रयोगांत दिसले. समशीतोष्ण देशांतला हिवाळी हंगाम त्याने बराचसा उलगडतो, पण दमट पावसाळ्यातल्या साथीला तेच कारण लावता येत नाही. तिथे बंद खोल्यांतली दाटी, उघडलेल्या शाळा आणि लोकांच्या अंगी त्या वेळी असलेली प्रतिकारशक्ती यांचा एकत्रित विचार करावा लागतो. नुसते पावसात भिजल्याने फ्लू होत नाही. त्यासाठी विषाणू दुसऱ्या माणसाकडूनच यावा लागतो, आणि बाधित माणूस लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो पसरवू लागतो.

हंगाम संपला की विषाणू कुठे जातो? तो गावातच दबा धरून बसतो, असे पुष्कळांना वाटते. २००२ ते २००७ या काळातल्या, 'ए' प्रकारात मोडणाऱ्या एच३एन२ विषाणूच्या सुमारे १३,००० नमुन्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातून वेगळे चित्र पुढे आले. पूर्व व आग्नेय आशियातल्या देशांत साथी वेगवेगळ्या महिन्यांत येतात, त्यामुळे त्या पट्ट्यात साखळी तुटत नाही आणि तिथून नवे वाण इतर खंडांकडे जातात. २०१५ च्या अभ्यासाने या चित्रात महत्त्वाची भर घातली. 'ए' प्रकारातलाच एच१एन१ आणि 'बी' हे विषाणू भारत व चीनसारख्या प्रदेशांत एका साथीतून दुसऱ्या साथीत अनेक वर्षे टिकून राहू शकतात. एच३एन२ चे रूप अधिक वेगाने बदलते, त्यामुळे तो प्रौढांना जास्त गाठतो, आणि विमानप्रवास प्रौढच अधिक करतात. 'बी' मुख्यतः मुलांमध्ये फिरतो, म्हणून त्याचा जगप्रवास संथ असतो.

एकदा लस टोचली की काम झाले, ही समजूत या बदलत्या रूपापाशीच कोसळते. या विषाणूची जनुके आरएनएची असतात आणि त्यांची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त होत नाहीत. वर्षागणिक पृष्ठभागावरची प्रथिने थोडीथोडी बदलतात आणि जुनी प्रतिपिंडे त्यांना नीट ओळखेनाशी होतात. १९५२ पासून चालत आलेले जागतिक आरोग्य संघटनेचे टेहळणी-जाळे हेच बदल टिपते आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था त्याचा भाग आहे. या नमुन्यांवरून दर फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी लसीतले वाण ठरतात. भारत नकाशावर उत्तर गोलार्धात असला, तरी जिथे साथ पावसाळी आहे तिथे लस पाऊस सुरू होण्याआधी घेणे सयुक्तिक ठरते. विषाणूशी जुळणारी लस आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. टोचायच्या लशींत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लशीनेच फ्लू होतो हे खरे नाही.

'स्वाइन फ्लू' हा वेगळाच, अधिक घातक रोग आहे, ही भीती महाराष्ट्रात खोल रुजली, आणि त्याला कारणही तसेच होते. २००९ च्या जागतिक साथीतला भारतातला पहिला मृत्यू त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात नोंदला गेला. ऑगस्ट २०१० मध्ये ती साथ संपल्याचे जाहीर झाले, पण विषाणू राहिला. आधीच्या एच१एन१ ला हटवून तो स्वतःच हंगामी फ्लू बनला. आजचा एच१एन१ तो हाच. तो डुकराचे मांस खाल्ल्याने पसरत नाही. एच३एन२ सुद्धा १९६८ च्या जागतिक साथीचा वारसदार आहे. १९१८ च्या साथीला 'स्पॅनिश' म्हणतात, पण ती स्पेनमध्ये उगम पावल्याचा पुरावा नाही. महायुद्धात तटस्थ असलेल्या स्पेनच्या वृत्तपत्रांनी ती उघडपणे छापली, एवढेच. महाराष्ट्रात मानमोडी म्हणून ओळखलेल्या त्या साथीने भारतात १.२ ते २ कोटी माणसे नेली, असे अंदाज आहेत.

प्रयोगशाळेत सिद्ध झालेले रुग्ण म्हणजेच एकूण रुग्ण, हा गैरसमज सर्वांत नुकसान करतो. बहुतेक रुग्णांची चाचणीच होत नाही, आणि मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया किंवा हृदयविकार लिहिला जातो. म्हणून साथीच्या काळात नेहमीपेक्षा किती मृत्यू जास्त झाले, हे मोजावे लागते. लंडनमधल्या १८४७ च्या साथीत विल्यम फार यांनी हीच रीत वापरली होती. फ्लूशी निगडित श्वसनविकारांनी दगावणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांपैकी ९९ टक्के विकसनशील देशांतली असतात, आणि मोजणी सर्वांत तोकडी आहे ती नेमकी याच देशांत. उष्ण देशांत फ्लू कमी असतो, ही समजूत या तोकड्या मोजणीतूनच पोसली गेली.

फ्लूचे विषाणू वाढतच जातात, असेही नाही. कोविडकाळात प्रवास थांबला, शाळा बंद राहिल्या, मुखपट्ट्या आल्या आणि २०२०-२१ चा फ्लूचा हंगाम जगभर जवळजवळ आलाच नाही. 'बी' विषाणूचा यामागाता वंश मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेही सापडलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो लशीतून वगळण्याचा सल्ला दिला आणि चार घटकांच्या लशींची जागा पुन्हा तीन घटकांच्या लशी घेऊ लागल्या.