मातीच्या किल्ल्यातील हसू

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील मुलांना मातीचे वेड लागते. वडीलधारी मंडळी फराळाच्या व साफसफाईच्या गडबडीत असतात, तेवढ्यात अंगणाच्या कोपऱ्यात दगड, विटांचे तुकडे, फाटकी गोणपाटे आणि चार घमेली माती जमा होते व दोन दिवसांत तेथे किल्ला उभा राहतो. हा उद्योग केवळ खेड्यापाड्यांतच उरला आहे, असे समजण्याचे कारण नाही. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर येथे २००२ साली महानगरपालिका झाली. तेथील हाटकेश भागात कारखान्यांचे गाळे आणि उंच इमारती यांची दाटी आहे. अशा वस्तीत मुलांना अंगण नाही, फुकटची मातीही नाही. तेथे कुंडीतील माती, बांधकामावरची उरलेली रेती आणि खोक्यांचे पुठ्ठे यांवर भागवावे लागते. खरा किल्ला मात्र तेथून फार दूर नाही. त्याच शहराच्या हद्दीत, खाडीच्या काठी घोडबंदरचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला हा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला. मुलांचा किल्ला दरवर्षी आवारातील मांजर घेते, आणि तेही एका रात्रीत.

मुलांनी केलेल्या किल्ल्याकडे नीट पाहिले तर हसू आवरत नाही. सिंहासनावरील महाराज किल्ल्याच्या महाद्वारापेक्षा उंच असतात. आत कसे गेले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तोफेजवळचा वाघ हत्तीहून मोठा असतो, कारण तो दुसऱ्या जत्रेतून आणलेला असतो. पायथ्याशी गवळण, वाणी आणि पोलीस शेजारी शेजारी उभे असतात. घाटातून एखादी प्लास्टिकची एस. टी. चढत असते. तळ्याच्या जागी फुटका आरसा असतो व त्यात कागदी बदक पोहत असते. मावळे कमी पडले तर मागील वर्षीचा, मान तुटलेला मावळाही पहाऱ्यावर ठेवला जातो.

या हास्यास्पद गोष्टींकडे शिक्षक कोणत्या दृष्टीने पाहतात, यावर पुष्कळ अवलंबून आहे. ‘हे काय करून ठेवलेस?’ असे एखाद्या मोठ्या माणसाने चारचौघांत म्हटले, की पुढील वर्षी ते मूल किल्ला करीत नाही. किंवा त्याचे वडील करतात, आणि मूल माती आणून देण्याचे काम करते. अलीकडे बाजारात प्लास्टरचे तयार किल्लेही मिळू लागले आहेत. ते रेखीव असतात, पावसाने वितळत नाहीत, आणि त्यांत हसण्यासारखे काही नसते. शिक्षणाच्या दृष्टीने त्यांचा हाच मोठा दोष होय. ज्या वस्तूत चूक नाही, तिच्याविषयी मुलाला प्रश्न पडत नाही.

महाराज आणि महाद्वार यांचेच उदाहरण घ्यावे. मातीचा पुतळा १५ सेंटिमीटर उंच आहे व माणसाची उंची १६५ सेंटिमीटर धरली, तर पुतळा अकरा पटींनी लहान झाला. आता किल्लाही अकरा पटींनीच लहान करावयाचा ठरविले तर काय होईल? रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. त्याला अकराने भागले की सुमारे ७५ मीटर येतात. म्हणजे त्या महाराजांना शोभेल असा रायगड करावयाचा, तर तो पंचवीस मजली इमारतीएवढा करावा लागेल! उलट बाजूने हिशेब केला तर मौज अधिकच वाढते. अंगणातील किल्ला ७५ सेंटिमीटर उंच आहे असे मानले, तर रायगड सुमारे अकराशे पटींनी लहान झाला. त्या प्रमाणात माणूस दीड मिलिमीटरचा होतो. किल्ल्यावर जंगल म्हणून मोहरी पेरतात, तिचा एक दाणा साधारण तेवढाच असतो. सहावी-सातवीच्या वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडला, तर गुणोत्तर-प्रमाणाचा धडा हसत हसत पुढे सरकतो. ज्याच्या किल्ल्यावर हे गणित केले, त्या मुलाचा मान कमी न होता वाढतो. कारण त्याच्या किल्ल्यामुळे वर्गाला काही सापडलेले असते. तथापि गणित संपल्यावर महाराजांना लहान करण्याचा आग्रह कोणी धरू नये. ते मोठे का, हे मुलांना पक्के ठाऊक असते.

जंगलाचा प्रकारही असाच. मोहरीचे दाणे उतारावरून घरंगळतात आणि सगळे अरण्य पायथ्याशी उगवते. अळीव मात्र कड्यावरही टिकते. अळिवाचा दाणा भिजला की त्याच्याभोवती बुळबुळीत चिकट थर तयार होतो व तो मातीला धरून राहतो. अळिवाची खीर करणाऱ्या आईला हा चिकटपणा चांगला परिचयाचा असतो. त्याचा किल्ल्याशी संबंध असेल, हे तिच्याही मनात आलेले नसते. पेरणी फार आधी झाली तर भाऊबीजेपर्यंत रोपे इतकी वाढतात की मावळे त्यांत दिसेनासे होतात. एका अंगाला भिंत असेल तर सारे जंगल उजेडाच्या दिशेने वाकते, जणू गड सोडून निघाले आहे.

बुरूज तडकणे ही नित्याची आपत्ती होय. काळ्या मातीचे बुरूज लवकर तडकतात. त्या मातीतील अतिसूक्ष्म कण पाणी घेऊन फुगतात आणि वाळताना आकसतात. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्याचेही कारण हेच. तांबडी माती त्या मानाने कमी तडकते. मातीत भुसा किंवा शेण कालविले तर भेगा कमी होतात, हे मातीच्या भिंती घालणाऱ्या प्रत्येक गावकऱ्याला माहीत आहे. गावातील अशा एखाद्या आजोबांना शाळेत बोलावून हे विचारावे. दुरुस्तीचा उपाय त्यांच्याकडे असतो आणि पडलेल्या बुरुजांच्या गोष्टीही असतात.

काड्यांचे महाद्वार बहुधा एका बाजूला कलंडते. याच काड्यांतून एक फार उपयुक्त साधन निघाले आहे. श्री. अरविंद गुप्ता हे व्यवसायाने अभियंता. १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना त्यांनी काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्वच्या रबरी नळीच्या तुकड्यांनी जोडून आकृत्या तयार केल्या. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंची खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या काड्यांचा चौकोन हाती घेऊन जरा दाबला की तो झोपतो. मुले हसतात. त्रिकोण कितीही दाबला तरी हटत नाही. तेव्हा मुले हसायची थांबून पुन्हा दाबून पाहतात. चौकोनात एक तिरकी काडी बसविली की तोही ताठ उभा राहतो. छपराच्या कैचीत तिरके वासे का घालतात, ते येथे कळते, आणि किल्ल्याचे दारही सरळ होते.

दिवाळीच्या सुटीत शाळा बंद असते, हीच यातील खरी अडचण. किल्ला शिक्षकांच्या दृष्टीस न पडताच मोडला जातो. यासाठी सुटीपूर्वीच मुलांना सांगून ठेवावे की किल्ल्याची उंची, सर्वांत मोठ्या पुतळ्याची उंची, पेरणीचा दिवस आणि पहिली भेग पडल्याचा दिवस वहीत लिहून आणावा. आणि ‘आमच्या किल्ल्यातील सर्वांत मोठी फजिती’ यावर पाच ओळी लिहाव्यात. या पाच ओळींना गुण देऊ नयेत, नाहीतर फजिती सजवून लिहिली जाते. पुष्कळ घरी तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवतात. त्या गावांतील मुलांना शाळा उघडल्यावरही मापे घेता येतील, मात्र तोवर जंगल शेजारच्या शेळीने खाल्लेले नसावे.